छिन्नी धरणारा हात

सोमवार, ३१ ऑगस्ट १९५९, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. पौडच्या दवाखान्यात गेनू लोहाराने आपला डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. दुरुस्तीला आलेले एखादे अवजार ऐरणीवर ठेवावे, तसाच त्याने तो ठेवला. वय चाळिशीच्या आसपास, छाती भरदार. दुखणे कुठे आहे असे विचारताच त्याने उजव्या हाताचे बोट डाव्या कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर नेमके टेकवले.

"हितं. तांब्या उचलला की सुई टोचल्यावानी कळ येती. रातीचं कूस बदलाया गेलं तरी जाग येती."

"कामाचा हात कोणता?"

"उजवा."

"आणि दुखतो डावा?"

"तेच तर बाई. राबतोय एक अन् रडतोय दुसरा. आमच्या घरातबी असंच हाय."

मागे उभी असलेली त्याची बायको हौसाबाई लगेच म्हणाली, "रडतंय कोन, ते बाईंना दिसतंया."

मी डॉक्टर नव्हे. विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर मुंबईत भौतिकोपचाराचे शिक्षण घेतले आणि पौडच्या या छोट्या दवाखान्यात रुजू झाले. स्नायू, सांधे आणि त्यांच्या हालचाली यांवर औषधाविना उपचार करणे हा माझा व्यवसाय. मुळशीत तो कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पहिले काही महिने मी 'चोळनारी बाई' होते. मला ते नाव मुळीच आवडत नसे. परदेशी जाऊन पुढील शिक्षण घ्यावे, त्यापूर्वी स्वतंत्र निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध करावा, असा माझा बेत होता. निबंधाचा विषयही ठरला होता : 'टेनिस एल्बो'.

या नावाविषयी प्रथम सांगायला हवे. पौडमध्ये काढलेल्या वर्षांत टेनिस खेळणारा एकच मनुष्य माझ्याकडे आला. धरण पाहायला पुण्याहून आलेले ते गृहस्थ शेवाळावरून घसरले होते. त्यांच्या मोटारीत रॅकेट होती, कोपर ठणठणीत होते आणि दुखत होता तो घोटा. उलट, ज्यांनी टेनिसचा चेंडू कधी पाहिलाही नाही, असे कितीतरी लोक हे दुखणे घेऊन येत. गावात त्याला 'हातात वात भरला' असे म्हणत.

वात वगैरे काही भरत नाही. मनगट वर उचलणारे स्नायू हाताच्या पाठीमागून निघतात आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो लहानसा उंचवटा असतो, तेथे एका अरुंद कंडरेने, म्हणजे दोरीसारख्या चिवट धाग्यांच्या जुडीने, जोडलेले असतात. आपण एखादी वस्तू मुठीत घट्ट धरतो, तेव्हा मनगट स्थिर ठेवण्याचे काम याच स्नायूंकडे असते. म्हणजे उचलणे, पिळणे, धार काढणे, कापणे या साऱ्यांचा ताण अखेर त्या नखाएवढ्या जागेवर येतो. ताण सोसण्याच्या मर्यादेपलीकडे गेला की कंडरेचे सूक्ष्म धागे झिजतात. भरायला अवधी मिळाला तर ते भरतात. तो न मिळाला तर दुखणे महिनोन् महिने रेंगाळते. म्हणून ज्याचे कोपर दुखते त्याला 'कुठे दुखते' एवढेच विचारून भागत नाही. 'दिवसभर काय धरता' हे विचारावे लागते.

पौडच्या बाजारातील अब्बासभाई शिंप्यांनी याचे उत्तर चटकन दिले होते : "कात्री." ती पाहिली तर तिची धार पार गेलेली. जाड खादी कापताना ते दर वेळी दुप्पट जोर लावत होते. मी त्यांच्या हाताला काही करण्याआधी कात्री कोळवणच्या गेनू लोहाराकडे पाठवली. अब्बासभाईंचे कोपर महिन्याभरात शांत झाले, त्याचे श्रेय त्यांनी मला दिले, आणि कात्रीला धार लावणाऱ्यानेच ते ऐकले. आपलेही कोपर दाखवावे, असे गेनूला वाटले ते त्यामुळे.

दुखणे मोजता येत नाही, परंतु मुठीची पकड मोजता येते. रक्तदाब पाहण्याच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून त्यात थोडी हवा भरायची, रोग्याने तो मुठीत दाबायचा आणि पारा किती मिलिमीटरपर्यंत चढतो ते टिपायचे. कोपर दुखत असेल तर पारा मध्येच थांबतो. कारण स्नायू दुबळा असतो असे नाही. कळ आली की मूठ आपोआप सुटते.

या पाऱ्याचा एक अनपेक्षित उपयोग भरे गावच्या एका सुनेमुळे कळला. म्हशींची धार काढून तिचे कोपर धरले होते, आणि ती कामचुकार आहे की खरोखरच दुखणाईत, याचा निवाडा करायला सासूबाई जातीने बरोबर आल्या होत्या. सुनेचा पारा नव्वदला अडला. "माजा बगा," असे म्हणून सासूबाईंनी पट्टा दाबला. तो शंभराच्या थोडाच पुढे गेला आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघाले. त्यांचेही कोपर दुखत होते. सांगायला त्यांनाही कोणी नव्हते. त्या दिवसापासून रोग्याबरोबर आलेल्या माणसाचाही आकडा घेण्याचा मी नियम केला.

गेनूच्या उजव्या हाताने पारा नळीच्या टोकाला गेला. मलाच त्याला थांबवावे लागले. डाव्या हाताने तो सत्तरला थांबला. नियमाप्रमाणे हौसाबाईचाही डावा हात मोजला : एकशे सत्तर. तिने गेनूकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

मी सहा आठवडे विश्रांती सांगितली. गेनू उठून उभाच राहिला.

"भात कोन कापनार बाई?"

"भात तुम्ही कापता?"

"मी न्हाई कापत. माझा इळा कापतो."

अडचण समजायला मला थोडा वेळ लागला. कोळवण खोऱ्यात भाताचे पीक दातेरी विळ्याने कापतात. वर्षभरात दाते झिजून जातात. म्हणून भादव्यापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक घरातील विळे लोहाराकडे येतात. तो ते तापवून मऊ करतो, छिन्नीने एकेक दाता नव्याने पाडतो आणि पुन्हा पाणी देऊन कडक करतो. त्याबदली सुगीनंतर खळ्यावर प्रत्येक शेतकरी त्याचा ठरलेला वाटा देतो. हे त्याचे बलुते. कोळवण आणि आसपासच्या वाड्यांचे बलुते गेनूच्या घराकडे बापजाद्यांपासून होते. सुगीच्या तोंडावर लोहार बसून राहिला, तर गाव दुसरा लोहार बघणार. तो दुसराही तयारच होता. माले गावचा सदू, गेनूचा चुलतभाऊ, आठवड्यापूर्वी येऊन गावातल्या काही घरी चहा पिऊन गेला होता.

"एकडाव त्याची ऐरन गावात आली का ती काय उठत न्हाई," गेनू म्हणाला. "मंग हात बरा हून मी काय करू? टाळ्या वाजवू?"

आमचे डॉक्टर पुण्याहून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मागवायला तयार होते. त्याने कळ बहुधा थांबली असती, आणि कळ थांबताच गेनूने दुप्पट काम केले असते. मी नको म्हटले. शेकणे, मनगटाचे हलके ताण आणि कोपराच्या खाली बांधायचा कातडी पट्टा एवढे देऊन, त्याचे काम प्रत्यक्ष पाहायला येते असे मी त्याला सांगितले.

कोळवणला पोहोचायला दोन आठवडे लागले. रस्ता खचल्यामुळे एस.टी. बंद होती, अखेर बैलगाडीने गेले. लोहारसाळेत पाऊल ठेवताच दिसले, की पट्टा खुंटीला टांगला आहे आणि गेनूच्या कोपरावर बिब्ब्याच्या चटक्याचा फोड टरारून फुगला आहे.

"हे कोणी केले?"

"म्याच लावला," हौसाबाई म्हणाली. "तुमचा पट्टा बांदला तर वात आत कोंडला असता. त्येला वाट करून दिली."

फोडावर पट्टा बांधता येत नाही, शेकताही येत नाही. पारा साठावर आला होता. मी बरीच कठोर बोलले. ती शांतपणे भाता ओढत राहिली. माझे संपल्यावर म्हणाली, "बाई, कोळवनात कळ रातीची येती. तवा पौडचा दवाखाना बंद असतो."

मग मी एका पोत्यावर बसून नुसती पाहत राहिले. गेनूच्या उजव्या हातात लहान हातोडा, डाव्या हातात छिन्नी. टक् टक् टक्. प्रत्येक घावाला छिन्नी केसभर पुढे सरकत होती आणि विळ्याच्या पात्यावर दाते उमटत होते. हातोड्याचा हात घाव घालून वर जाताना सैल पडे. प्रत्येक घावामागे त्याला क्षणभर विसावा होता. छिन्नीचा हात मात्र सकाळपासून एकदाही उघडला नव्हता. मनगट वरच्या बाजूला वळलेले, बोटांत बारीक लोखंडी कांडी आवळलेली, आणि प्रत्येक घावाचा हादरा थेट कोपरात. काम करताना दिसणाऱ्या हाताकडेच मी लक्ष ठेवले असते, तर कारण कधीच सापडले नसते.

"छिन्नी दुसऱ्या कोणी धरली तर?" मी विचारले.

गेनू हसला. "अन् हातुडा मी मारू? बोट गेलं म्हंजी?"

तेवढ्यात धोंडिबा आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होते. चार विळे ऐरणीजवळ टाकत ते म्हणाले, "गेनू, घटाच्या आत पायजेत. न्हाईतर सदूचा निरोप आलाय, सांगून ठिवतो."

गेनू "व्हय" म्हणाला. मी निघताना त्याचा चेहरा पाहिला नाही.

नवरात्रात मी पुन्हा गेले, तेव्हा लोहारसाळ शांत होती. ऐरण थंड, भाता गप्प. आत देवापुढे घट बसला होता आणि घटाच्या पुढ्यात हळदकुंकू वाहिलेली छिन्नी. धोंडिबा दारात तावातावाने बोलत होते.

"खंडेनवमीला हत्यार पुजत्यात, हे ठावं हाय मला. घटाला छिन्नी कवापासून बसाया लागली?"

"आमच्यात बसती," हौसाबाई म्हणाली.

"कवापासून?"

"ह्या सालापासून."

"अन् इळे?"

"देवीपुढची छिन्नी उचलायची असंल तर तुमी उचला. मी न्हाई म्हनत न्हाई."

धोंडिबांनी छिन्नीकडे पाहिले, देवीकडे पाहिले, वहाणा चढवल्या आणि ते गेले. माझा सल्ला जे करू शकला नव्हता ते तिने केले होते : नऊ दिवसांची विश्रांती, आणि तीही अशी, की गेनूवर आळसाचा ठपका येऊ नये. बिब्ब्याची जखम भरली होती, पट्टा बांधता येत होता. व्यायामासाठी आमच्याकडे वजने नव्हती. म्हणून गेनूने मांडीवर हात टेकून मुठीत रिकामा तांब्या धरायचा आणि मनगट सावकाश वर-खाली करायचे. कळ आली नाही तर दुसऱ्या दिवशी हौसाबाईने त्यात दोन बोटे पाणी वाढवायचे. पाणी ती मोठ्या काटेकोरपणे ओतत असे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पारा एकशे दहापर्यंत गेला.

परंतु विळ्यांचा ढीगही तितकाच वाढला होता. त्या दिवशी गेनूने छिन्नी उचलली आणि मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तो पुन्हा बोटांबद्दल बोलू लागला. हौसाबाई भात्यापासून उठली.

"इतकी वर्सं मी घन मारतीया आन् तुमी सांडशीनं लोखंड धरताय. तुमच्या बोटाची काळजी म्या केली का न्हाई? आता माझ्या बोटाची तुमी करा."

तिने त्याच्या हातातून छिन्नी घेतली आणि ऐरणीच्या पलीकडे बसली. पहिला विळा वाया गेला. दुसऱ्याचे दाते वाकडे आले. तिसऱ्या विळ्यापासून मात्र टक् टक् चा ठेका जमत गेला. ती छिन्नी केसभर सरकवे, तो घाव घाली.

धोंडिबांना हे कळले तेव्हा ते विळा उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिले.

"दाते बारीक पडल्यात."

"कापनाऱ्या बायकांना इचारा," हौसाबाई म्हणाली. "तुमी कवा कापलंया भात?"

ते खरे होते. त्यांच्या घरी कापणीला सुना आणि मजूर बायका जात. धोंडिबा विळे घेऊन गेले. परत आणून टाकले नाहीत, एवढेच उत्तर मिळाले.

येथपर्यंत सारे माझ्या अपेक्षेप्रमाणे चालले होते आणि निबंधाचा मसुदा मी मनात रचू लागले होते. कापणी निम्म्यावर आली असताना, बोथट झालेले विळे पुन्हा दाते पाडायला येऊ लागले, त्या सुमारास मी कोळवणला गेले. गेनूचा डावा हात : एकशे चाळीस. नियमाप्रमाणे हौसाबाईचा घेतला. पारा चढला, रेंगाळला आणि एकशे चाळीसलाच थांबला. दोघांचा आकडा सारखा आला म्हणून गेनूला गंमत वाटली. मला वाटली नाही. त्याचा खालून वर येत होता. तिचा एकशे सत्तरवरून खाली आला होता.

"दुखते?"

"न्हाई."

मी कोपराच्या बाहेरचा उंचवटा दाबला. तिने डोळे मिटले.

"जरासं," ती म्हणाली.

मी काय केले होते ते त्या क्षणी स्पष्ट झाले. त्या कामातला ताण मी कमी केला नव्हता. एका कोपरावरून उचलून तो दुसऱ्या कोपरावर ठेवला होता आणि पहिल्या कोपरातील सुधारणेला यश म्हणत होते. काम थांबवावे तर बलुते जाणार, चालू ठेवावे तर तिचा हात जाणार. गेनू छिन्नी परत मागू लागला, ती देईना. "माझा हात हाय, मी बगीन," असे ती म्हणत होती आणि छिन्नी तिने पाठीमागे धरली होती.

अशा वेळी विज्ञानाचा उपयोग करायचा तो शांतपणे. छिन्नीची मूठ बारीक होती, ती धरताना मनगट वर वळत होते आणि हादरा थेट बोटांत येत होता. तीन दोष, तिन्ही छिन्नीत. मी कागदावर एक आकृती काढली. गेनूने ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी, आणि बांबूची ओली कामटी चिरायला घेतली. कामटी मधोमध वाकवून तिच्या विळख्यात छिन्नी आवळली आणि दोन्ही टोके एकत्र बांधून त्यांवर चिंध्या गुंडाळल्या. आता हौसाबाई हातभर अंतरावरून, जाड मुठीने, मनगट सरळ ठेवून छिन्नी धरू शकत होती. घावाचा हादरा बांबू खात होता. काम सावकाश होई, म्हणून तिने दर विळ्यानंतर मूठ उघडावी असे मी सांगितले. ते तिच्या लक्षात राहीना. मग गेनूच प्रत्येक विळा संपला की हातोडा ऐरणीवर आडवा ठेवू लागला आणि ती मूठ उघडेपर्यंत उचलेना. ती चिडे, तो ढिम्म बसून राही.

खळी लागली तेव्हा धोंडिबांच्या खळ्यावर मी हजर होते. इतर बलुतेदारांबरोबर गेनूचा वाटा त्यांनी बाजूला काढला. मग हौसाबाईकडे वळून म्हणाले, "सुना म्हनत्यात, औंदा इळा वढाया लागला न्हाई. म्होरल्या साली बी दाते बारीकच पाडा." मालेचा सदू पुन्हा चहाला आला नाही.

निबंधाचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगितले पाहिजे. तो मी लिहिला, पाठवला आणि तो परत आला. अभिप्राय असा, की या रोग्यावर एकाच वेळी इतके उपाय झाले आहेत, की गुण कशामुळे आला हे सिद्ध होत नाही. अभिप्राय बरोबर होता. गेनूच्या मते बिब्बा लागू पडला. हौसाबाईच्या मते देवीने राखले. आमचे डॉक्टर म्हणत, की अशी बहुतेक कोपरे वर्षभरात आपोआपच बरी होतात, आणि तेही खोटे नाही. माझे मत निराळे आहे, पण ते सिद्ध करायचे तर गेनूला दुसऱ्यांदा आजारी पाडून नुसत्या विश्रांतीवर ठेवावे लागेल. परदेशी शिक्षणासाठीचा अर्ज मी दुसऱ्या विषयावर केला. तरी आजही कोणाचे कोपर दुखते असे कळले, की मी आधी त्याचा निवांत दिसणारा हात पाहते.

त्या दिवशी खळ्यावरून आम्ही लोहारसाळेत गेलो. गेनूचा डावा हात : दोनशे दहा, वेदना नाही. तो मोठ्याने हसला आणि बाहेर जाऊन ज्याला त्याला आकडा सांगू लागला. मी पट्टा पुन्हा गुंडाळला, हवा भरली आणि हौसाबाईपुढे धरला. खरे सांगायचे तर आदल्या रात्रीपासून मला काळजी होती ती याच आकड्याची. तिने हात लुगड्याला पुसला.

"कमी आला तर त्यांना सांगू नगा," ती हळूच म्हणाली. "म्होरल्या साली छिन्नी देनार न्हाईत."

"जो येईल तोच लिहीन."

"लिवा की. सांगू नगा, म्हनलं."

तिने पट्टा मुठीत घेतला आणि दाबला. पारा एकशे चाळीसपर्यंत चढला आणि थांबला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. डोळे उघडे होते. मग मी नळीकडे पाहिले आणि आकडा टिपला.

हौसाबाई, डावा हात, वेदना नाही : १७५ मिलिमीटर.